साथ शिकलेला गायक

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संगीतावरच्या व्याख्यानासाठी मी एका रॉक गायकाचा विषय सुचवला तेव्हा संयोजकांनी कसलीही हरकत घेतली नाही, याबद्दल आधी त्यांचे आभार मानतो. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांचा शिष्यांसाठी एक दंडक होता. आधी मागे बसून तंबोरा धरायचा, गुरूच्या आवाजात आपला आवाज मिसळायला शिकायचं, मग पुढे बसायचं. आज ज्याच्याबद्दल बोलणार आहे त्या गायकाच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. विसाव्या वर्षीच तो पुढे बसला, सगळ्या जगापुढे बसला, आणि साथ करायला शिकला ते साठीच्या उंबरठ्यावर. त्याचं नाव रॉबर्ट प्लांट.

सतत नवा होत जाणारा रॉक गायक म्हटलं की डेव्हिड बोवीचं नाव आधी येतं, आणि ते रास्तच आहे. बोवी दर काही वर्षांनी नवं पात्र उभं करायचा, नवा वेश, नवं नाव, नवी चाल. प्लांटने पात्रं कधी उभी केली नाहीत. नाव तेच, खांद्यावर रुळणारे कुरळे केस तेच. बदलत गेली ती गाण्यातली त्याची जागा. कोणाच्या शेजारी उभं राहायचं, किती गायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे तो पुन्हा पुन्हा नव्याने शिकला. मला हा बदल जास्त अवघड वाटतो, म्हणून आज त्याच्याबद्दल बोलतो आहे.

प्लांटचा जन्म २० ऑगस्ट १९४८ रोजी इंग्लंडच्या मध्यभागी, वेस्ट ब्रॉमविच इथे झाला. हा ‘ब्लॅक कंट्री’ म्हणून ओळखला जाणारा मुलूख, कोळशाच्या खाणींचा आणि लोखंडाच्या भट्ट्यांचा. वडील इंजिनिअर. मुलाने चार्टर्ड अकाउंटंट व्हावं म्हणून त्याला प्रशिक्षणाला घातलं, ते त्याने दोन आठवड्यांत सोडलं. त्याचं मन गुंतलं होतं मिसिसिपीच्या ब्लूजमध्ये. रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ या मंडळींमध्ये. इंग्लंडमधल्या त्या पिढीने अमेरिकेतल्या काळ्या शेतमजुरांच्या घरांतून आलेलं गाणं जिवाभावाने ऐकलं, झिजेपर्यंत तबकड्या वाजवल्या. या प्रेमात खरेपणा होता आणि पुढे त्यातूनच एक अन्यायही झाला. त्याकडे मी येणार आहे.

१९६८ मध्ये जिमी पेज हा गिटारवादक नव्या बँडसाठी गायक शोधत होता. टेरी रीड या गायकाने स्वतः नकार दिला आणि प्लांटचं नाव सुचवलं. पेज त्याला ऐकायला बर्मिंगहॅमकडे गेला. हा आवाज आजवर कोणाच्या हाती कसा लागला नाही, याचंच पेजला नवल वाटलं. प्लांटने आपला जुना सोबती, ड्रमवादक जॉन बॉनम, याला बरोबर आणलं. बेस आणि कीबोर्डला जॉन पॉल जोन्स आला आणि लेड झेपेलिन उभा राहिला. पहिला अल्बम सुमारे ३६ तासांच्या स्टुडिओ-कामात पुरा झाला आणि १९६९च्या जानेवारीत अमेरिकेत निघाला.

या आवाजाबद्दल थोडं सांगायला हवं. १९७०च्या ‘इमिग्रंट साँग’च्या सुरुवातीला शब्दच नाहीत. आहे ती एक आरोळी, एकदम वरच्या सप्तकात उडी घेणारी, आइसलंडच्या दौऱ्यानंतर सुचलेली. पुरुषाचा आवाज इतक्या वर, इतका मोकळा आणि तरीही इतका धारदार लागतो यावर ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. १९७१च्या ‘ब्लॅक डॉग’मध्ये वाद्यं थांबतात, आवाज एकटाच एक ओळ फेकतो, मग गिटार, बेस आणि ड्रम एकत्र तुटून पडतात. पुन्हा शांतता, पुन्हा एकटा आवाज. जोन्सने बांधलेली ती सुरावट तालाच्या चौकटीला अशी तिरकी जाते की समेवर बोट ठेवायला गेलेला माणूस हमखास चुकतो. सगळं गाणं गायकाभोवती फिरतं, तो मध्यावर आणि बाकी सारे भोवती. त्या काळातला प्लांट असा होता.

आणि त्याच काळात उसनवारीची दुसरी बाजू होती. ‘होल लॉटा लव्ह’ या १९६९च्या गाण्यातला मजकूर बराचसा विली डिक्सन यांच्या, मडी वॉटर्स यांनी गायलेल्या गाण्यातून आला होता आणि तबकडीवर डिक्सन यांचं नाव नव्हतं. डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला, कोर्टाबाहेर तडजोड झाली, श्रेयात त्यांचं नाव आलं. हाउलिन वुल्फ यांच्या गाण्याबाबतही असाच प्रकार घडला होता. ब्लूजमध्ये ओळी या गायकाकडून त्या गायकाकडे फिरतात, हे खरं आहे. पण फिरता फिरता ओळ जेव्हा लाखो तबकड्यांवर पोचते आणि मूळ माणसाच्या हाती काही पडत नाही, तेव्हा परंपरेचं नाव पुढे करून चालत नाही. मला प्लांटचं गाणं फार आवडतं, म्हणूनच हे स्पष्ट बोलतो. त्याच्या पुढच्या वाटचालीकडे मी बघतो तेही याच हिशेबाने. मूळ माणसाचं नाव न सांगता घेणारा गायक हळूहळू, नाव घेऊन, समोर बसून शिकणारा गायक कसा झाला?

त्याची चाहूल फार लवकर लागते. १९७०च्या तिसऱ्या अल्बमची तयारी वेल्समधल्या ब्रॉन-यर-ऑर नावाच्या डोंगरातल्या घरात झाली. घरात वीज नव्हती, म्हणून गिटारही साधी. पुढच्याच वर्षी ‘द बॅटल ऑफ एव्हरमोर’मध्ये सँडी डेनी या लोकगायिकेचा आवाज त्याने शेजारी घेतला. लेड झेपेलिनच्या स्टुडिओतल्या गाण्यात बाहेरचा आवाज आला तो हा एवढाच.

१९७२ मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत आले. बासरीवादक विजय राघव राव यांच्या मदतीने त्यांनी इथले वादक जमवले आणि ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ ही आपली दोन गाणी तबला, सारंगी आणि व्हायोलिनांसह नव्याने ध्वनिमुद्रित केली. कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या क्लबमध्ये ते एका रात्री उभ्या उभ्या वाजवूनही गेले. मुंबईतल्या जुन्या रॉकप्रेमींच्या बोलण्यात ती रात्र अजून येते. ध्वनिमुद्रण मात्र कपाटात पडून राहिलं, ते अधिकृतपणे बाहेर आलं २०१५ मध्ये. आज ते ऐकताना वाटतं की दोन्ही बाजू सज्जन आहेत, हुशार आहेत आणि एकमेकांच्या दारात उभ्या आहेत. आत कोणीच गेलेलं नाही. आपले वादक लिहून दिलेलं वाजवतात, गाणं आपल्या ठरलेल्या वाटेने जातं. पाहुण्याने दोन दिवसांत यजमानाचं गाणं शिकावं अशी अपेक्षाही करता येत नाही. पण प्रयत्न फसला तरी ओढ फसली नव्हती. ही दोन गाणी लक्षात ठेवा.

त्याच सुमारास मोरोक्कोत त्याच्या कानावर इजिप्तच्या उम्म कुलथूम यांचा आवाज पडला. एका ओळीत तासभर रमणारी, तीच ओळ प्रत्येक वेळी नव्या वळणाने सोडवणारी ही थोर गायिका आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. पण ब्लूजच्या तीन मिनिटांच्या तबकड्यांवर वाढलेल्या माणसाला तो केवढा धक्का असेल! १९७५च्या ‘काश्मीर’ या गाण्याचे शब्द प्लांटला दक्षिण मोरोक्कोच्या वाळवंटातल्या गुलिमिन ते तान-तान या रस्त्यावर गाडी चालवताना सुचले. आपल्या काश्मीरशी त्या गाण्याचा संबंध नावापुरताच. तिथे तेव्हा त्यांच्यापैकी कोणी गेलेलंही नव्हतं.

यानंतरची पाच वर्षं वाईट गेली. १९७५च्या ऑगस्टमध्ये ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर प्लांटच्या मोटारीला अपघात झाला; पुढचा अल्बम त्याने चाकांच्या खुर्चीत बसून गायला. १९७७च्या जुलैत, बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना, त्याचा पाच वर्षांचा मुलगा कराक आजारपणात गेला. प्लांटने गाणं सोडून शिक्षक होण्याचा विचार केला होता, त्यासाठी अर्जही केला होता. २५ सप्टेंबर १९८० रोजी बॉनम गेला, अतिमद्यपानाने, वयाच्या ३२व्या वर्षी. डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी कळवलं की आता बँड नाही.

त्या वेळी प्लांट ३२ वर्षांचा होता. जगातल्या सर्वांत मोठ्या बँडचा आवाज आणि पुढे अख्खं आयुष्य. या जागी बहुतेक जण जुन्या गाण्यांवर गुजराण करतात, आणि श्रोत्यांनाही तेच हवं असतं. प्लांटने १९८१ मध्ये ‘हनीड्रिपर्स’ नावाचा संच घेऊन लहान लहान क्लबांत पन्नासच्या दशकातली ऱ्हिदम अँड ब्लूजची गाणी गायला सुरुवात केली. स्वतःचे पहिले अल्बम १९८२ आणि १९८३ मध्ये आले, ड्रमवर फिल कॉलिन्स. त्या दौऱ्यांत झेपेलिनचं एकही गाणं गायचं नाही असा त्याचा निर्धार होता. १९८४ मध्ये हनीड्रिपर्सच्या नावाने काढलेल्या छोट्या तबकडीतलं ‘सी ऑफ लव्ह’ हे १९५९चं जुनं प्रेमगीत अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं. कोणीही दुसरा भाग लगेच काढला असता. प्लांटने तो काढला नाही; मऊ आवाजात जुनी प्रेमगीतं गाणारा म्हणून आपण ओळखले जाऊ याची त्याला धास्ती वाटली.

ऐंशीच्या दशकातलं त्याचं सगळंच मला पटत नाही. १९८५चा ‘शेकन अँड स्टर्ड’ सिंथेसायझरच्या लाटेवर स्वार व्हायला गेला आणि आज तो त्या वर्षातच अडकलेला वाटतो. त्याच वर्षी जुलैत लाइव्ह एड या मदतनिधी कार्यक्रमाच्या मंचावर तिघे जुने सोबती पुरेशा तालमीशिवाय उभे राहिले आणि ते गाणं सर्वांनाच क्लेश देणारं झालं. मला यातून एवढंच दिसतं की जिथे तो चालू काळाचा आवाज अंगावर घ्यायला गेला तिथे तो फसला आणि जिथे कोणाकडून तरी शिकायला बसला तिथे तरला.

१९९४ मध्ये पेज आणि प्लांट पुन्हा एकत्र आले. एमटीव्हीला झेपेलिनची जुनी गाणी हवी होती. हे दोघे ती गाणी घेऊन मोरोक्कोत माराकेशला गेले, तिथल्या ग्नावा परंपरेतल्या वादकांबरोबर उघड्यावर बसून वाजवलं. लंडनमध्ये इजिप्शियन वादकांचा संच आणला, तालाची बाजू होसाम रमझी यांच्याकडे दिली. ‘बॅटल ऑफ एव्हरमोर’मधली सँडी डेनीची जागा भारतीय वंशाच्या ब्रिटिश गायिका नजमा अख्तर यांनी घेतली. आणि या संचात ‘फ्रेंड्स’ व ‘फोर स्टिक्स’ पुन्हा आली, मुंबईत अर्धवट राहिलेली तीच दोन गाणी, बावीस वर्षांनी. दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐकली की फरक कळतो. इथे ताल इजिप्तचा आहे आणि गायक त्या तालाची वाट बघतो. तो घाई करत नाही, ओळ टाकण्याआधी थांबतो. या आनंदाला एक गालबोट आहे. जोन्सला या बेतात बोलावलंच नाही. इतक्या वर्षांच्या सोबत्याशी असं वागणं बरोबर नव्हतं, आणि ते दुःख जोन्सने जाहीरपणे बोलून दाखवलं.

पन्नाशी उलटल्यावर, १९९९ मध्ये, प्लांटने ‘प्रायरी ऑफ ब्रायन’ नावाचा गावठी म्हणावा असा संच केला आणि आपलं नाव पुढे न करता लहान सभागृहांत, तरुणपणी आवडलेली गाणी म्हणत फिरला. २००३च्या जानेवारीत तो गिटारवादक जस्टिन ॲडम्सबरोबर मालीमध्ये टिंबक्टूजवळच्या इसाकाने इथे वाळवंटातल्या महोत्सवाला गेला. तुआरेग लोकांचा तिनारिवेन हा बँड तिथे होता, अली फार्का तुरे होते. मिसिसिपीच्या ब्लूजचं आजोळ असावं असं वाटायला लावणारं गिटारवादन त्याने तिथे वाळूत बसून ऐकलं. २००५चा ‘माइटी रीअरेंजर’ हा अल्बम त्यानंतरचा.

आता त्या वळणाकडे येतो ज्यासाठी हे सगळं सांगितलं.

ॲलिसन क्राउस ही अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातली, १९७१ची, प्लांटपेक्षा २३ वर्षांनी लहान. लहानपणापासून फिडल वाजवणारी, किशोरवयातच राउंडर कंपनीशी करारबद्ध झालेली ब्लूग्रास गायिका. ब्लूग्रासमध्ये दोन-तीन आवाज एकत्र गातात ते अत्यंत शिस्तीने. एकाचा स्वर आणि दुसऱ्याचा स्वर यांतलं अंतर ठरलेलं, श्वास एकत्र, शब्दाचा शेवट एकाच क्षणी. कोणी आयत्या वेळी सुचलेली तान घेतली तर दुसऱ्याचा स्वर उघडा पडतो. दोघांची गाठ २००४ मध्ये क्लीव्हलँडला लेड बेली या जुन्या ब्लूज गायकाच्या गौरवाच्या कार्यक्रमात पडली. पुढे निर्माते टी बोन बर्नेट यांच्या देखरेखीखाली नॅशव्हिल आणि लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी ‘रेझिंग सँड’ केला. तो २००७च्या ऑक्टोबरमध्ये आला.

चाळीस वर्षं प्लांट गाण्याच्या मध्यभागी एकटा होता. एकच ओळ दोनदा सारखी म्हणायची त्याला सवय नव्हती, तीच तर त्याची ओळख होती. क्राउसला मात्र तो पुढच्या वेळी ती ओळ नेमकी कशी म्हणणार हे माहीत असल्याशिवाय तिचा स्वर लावता येईना. त्याने मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितलं आहे की दुसऱ्या आवाजाला धरून गाणं त्याला तिच्याकडून शिकावं लागलं. साठीच्या जवळ आलेला, जगभर गाजलेला माणूस छत्तीस वर्षांच्या गायिकेकडून पहिला धडा घेतो, याला मी मोठेपणा म्हणतो.

‘किलिंग द ब्लूज’ हे त्यातलं गाणं ऐका. रॉली सॅलीचं हे गाणं संथ आहे. दोन्ही आवाज जवळजवळ कुजबुजीच्या पातळीवर आहेत, आणि पहिल्या ऐकण्यात नेमकं पुढे कोण आणि मागे कोण हे सांगता येत नाही. ज्या गळ्याने आरोळी मारली होती तोच हा गळा, पण श्वासावर इतका ताबा आहे की शब्द संपल्यावरची पोकळीही दोघांची सारखीच वाटते. २००८च्या दौऱ्यात त्यांनी ‘ब्लॅक डॉग’ गायलं. बँजो हलकेच वाजतो, लय निम्म्यावर आली आहे, आणि पूर्वी एकट्याने फेकलेली ओळ आता दोन आवाज खाली, खर्जाच्या बाजूला, एकत्र म्हणतात. १९७१ मध्ये ते मस्तवाल पुरुषाचं गाणं होतं. इथे त्यात भीती येते, पश्चात्तापही. आपल्याच गाण्याचा अर्थ वयाने असा उलगडून दाखवणं फार थोड्या गायकांना साधलं आहे.

‘रेझिंग सँड’ला २००९च्या ग्रॅमीत पाच पुरस्कार मिळाले, वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कारही त्यातलाच.

अल्बम निघाला तो ऑक्टोबर आणि ही ग्रॅमी यांच्या मध्ये, १० डिसेंबर २००७ रोजी, अटलांटिक कंपनीचे संस्थापक अहमद एर्तेगुन यांच्या स्मरणार्थ लंडनच्या ओटू सभागृहात लेड झेपेलिन एका रात्रीपुरता उभा राहिला. ड्रमवर बॉनमचा मुलगा जेसन. तिकिटांसाठी दोन कोटींच्या घरात मागण्या आल्याचं आयोजकांनी सांगितलं होतं. कार्यक्रम उत्तम झाला. आता जगाचा दौरा होणार, अफाट पैसा येणार असं सर्वांनी धरून चाललं होतं. इतर तिघे तयार होते. प्लांट बँजो आणि फिडलच्या संगतीत क्राउसबरोबर दौऱ्यावर गेला.

या नकाराबद्दल त्याला चाहत्यांनी पुष्कळ बोल लावला. त्यांची हळहळ मला कळते. ज्यांनी तो बँड कधी पाहिला नव्हता त्यांची तर जास्तच. तरीही माझं मत प्लांटच्या बाजूने आहे. विशीतल्या गळ्याची गाणी साठीत दोनशे रात्री गायची तर गळ्याशी आणि गाण्याशी दोन्हीशी खोटं वागावं लागतं. बॉनमची जागा भरता येत नाही हेही त्याने कधी लपवलं नाही.

पुढची वर्षं मी भराभर सांगतो. २०१० मध्ये बडी मिलर आणि पॅटी ग्रिफिन यांच्यासह ‘बँड ऑफ जॉय’. बॉनमबरोबरच्या पोरवयातल्या संचाचं हे नाव. २०१४ मध्ये ‘ललबाय अँड... द सीसलेस रोअर’, २०१७ मध्ये ‘कॅरी फायर’, २०२१ मध्ये क्राउसबरोबर पुन्हा ‘रेझ द रूफ’. यातलं एकच गाणं थांबून ऐकायला सांगतो, २०१४च्या अल्बममधलं ‘लिटल मॅगी’. हे ॲपलाचियन डोंगरातलं जुनं, गोऱ्या अमेरिकनांचं मानलं जाणारं लोकगीत आहे. इथे बँजोच्या शेजारी गांबियाचे जुल्देह कामारा रिती वाजवतात, एका तारेचं, गजाने वाजवायचं वाद्य. बँजोचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी ते अमेरिकेत नेले. त्या गाण्यात ती दोन वाद्यं एकमेकांना उत्तर देतात आणि प्लांट त्यांच्या मधून, हळू, वाट काढत गातो. विली डिक्सन यांचं नाव न लिहिणाऱ्या बँडचा गायक इथे आफ्रिकेतल्या वादकाचं नाव संचात लिहून, त्याला जागा देऊन गातो आहे. झालेली चूक याने पुसली जात नाही. पण माणूस कुठून कुठे आला हे दिसतं.

गेली काही वर्षं तो ‘सेव्हिंग ग्रेस’ नावाच्या संचाबरोबर गातो आहे. हे वादक त्याच्याच परिसरातले, इंग्लंडच्या मध्यभागातले. सहगायिका सूझी डायन. सभागृहं मध्यम आकाराची, गाणी बहुतेक दुसऱ्यांची, जुनी, आध्यात्मिक वळणाची. या संचाचा पहिला अल्बम २०२५च्या सप्टेंबरमध्ये निघाला, तेव्हा प्लांटला ७७ वर्षं पूर्ण झाली होती.

माझी तुम्हाला विनंती एवढीच आहे. घरी गेल्यावर प्लांटला ऐकायचं मनात आलं, तर सवयीने ‘स्टेअरवे टू हेवन’ लावू नका. ते गाणं चांगलंच आहे आणि ते कुठे जात नाही. आधी १९७१चं ‘ब्लॅक डॉग’ ऐका, मग २००८च्या दौऱ्यातलं क्राउसबरोबरचं ऐका. दुसऱ्यात त्याचा आवाज कुठे आहे तो शोधा. शोधायला थोडा वेळ लागेल. सलग दोन-तीनदा ऐका, आणि घरात कोणी तरुण गाणं शिकत असेल तर त्यालाही शेजारी बसवा.